पूर्ण झालेल्या कार्याचे पारणे

कोणत्याही कार्याचा आरंभ कसा करावा, हे आपल्या व्यापारी समाजास कोणी शिकवावयास नको. मुहूर्त पाहिला जातो, श्रीफळ वाढविले जाते, समिती नेमली जाते, निमंत्रणपत्रिका निघतात, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. परंतु तेच कार्य पुरे झाल्यावर ते विधिपूर्वक बंद कसे करावे, याविषयी मात्र आपल्यात मोठी उदासीनता आढळते. भिंती उभ्या राहिल्या, रंग लागला, उद्घाटन झाले, की कार्य संपले असे आपण समजतो. वस्तुतः ते तेव्हा केवळ पुरे झालेले असते. पुरे होणे ही एक गोष्ट आणि बंद होणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर ज्यांच्या ध्यानी येत नाही, त्यांना त्याची किंमत पुढे मोजावी लागते. आणि पुष्कळदा ती त्यांना नव्हे, तर त्यांच्या मुलांना मोजावी लागते.

सायलीच्या परिसरातील सभासदांनी गेल्या काही वर्षांत मोठे समारंभ डोळ्यांनी पाहिले आहेत. १९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते येथील वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला बसली, २५ एप्रिल २०२३ रोजी त्या संस्थेचे लोकार्पण झाले, आणि ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. अशा प्रसंगांचे महत्त्व कोण नाकारील? तथापि बांधकामाचा व्यवहार ज्याने आयुष्यात एकदा तरी केला आहे, त्याला हे ठाऊक असते की फीत कापली जाते त्या दिवसानंतरही पुष्कळ काही उरते. शेवटचे मोजमाप, शेवटचे बिल, रोखून धरलेल्या अनामत रकमेचा परतावा, दोषदायित्वाची मुदत, नकाशांचे व हमीपत्रांचे हस्तांतरण ही सारी कामे मागाहूनची. उद्घाटनाने वास्तूचा वापर सुरू होतो. बांधकामाचा व्यवहार त्याने मिटत नाही. सरकारी कामांत या उरलेल्या गोष्टी पाहण्यासाठी खाते असते, अधिकारी असतो. आपल्या कामांत तो अधिकारी कोण, हाच मुख्य प्रश्न आहे.

खरे पाहता विधिपूर्वक समाप्तीची शिकवण आपल्याला परकी नाही. सामायिकाचेच पाहा. दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, भरली म्हणून सामायिक आपोआप सुटत नाही. ते पारावे लागते. त्यासाठी स्वतंत्र पाठ आहे, आणि त्या पाठात मनाचे दहा, वचनाचे दहा व कायेचे बारा अशा बत्तीस दोषांपैकी जो कोणता घडला असेल, त्याचे मिथ्या दुष्कृत मागावयाचे असते. पच्चक्खाणाचेही तसेच, घेताना जसा विधी, तसाच पारताना. मोठ्या तपाच्या अखेरीस उजमणे होते, आणि आपल्या शेजारच्या हिंदू घरांत व्रताचे उद्यापन होते. या सर्वांत एक क्रम आहे. प्रथम मुदत भरली हे पाहणे, मग राहिलेल्या उणिवा उच्चारणे, आणि मग मोकळे होणे. उपाश्रयात जो क्रम आपण बिनचूक पाळतो, तो दुकानात व समितीच्या खोलीत येताच कोठे जातो, हे मला कोडे वाटते.

या भूमीचा इतिहासच या विषयाचे एक उत्तम उदाहरण आहे. आपल्यापैकी पुष्कळांना २ ऑगस्टचा मुक्तिदिन ठाऊक असतो. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात गोमंतकीय व महाराष्ट्रीय स्वयंसेवक होते. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखा कलावंतही त्यांत होता. पोर्तुगीज सत्ता गेली, नगर हवेलीतील गावे मोकळी झाली, म्हणजे कार्य पुरे झाले. पण ते बंद झाले काय? नाही. त्यापुढे सात वर्षे हा प्रदेश प्रत्यक्षात स्वतंत्र राहिला व वरिष्ठ पंचायत त्याचा कारभार पाहत होती. भारत सरकारचे प्रशासनास साहाय्य होते, परंतु विलीनीकरण झाले नव्हते. दरम्यान पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. आपल्या वेढलेल्या प्रदेशापर्यंत भारतीय भूमीवरून जाण्याचा आपणास हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांच्यासाठी नव्हता. आणि भारताने १९५४ साली आपले कर्तव्य मोडले नव्हते, असे न्यायालयाने ठरविले.

या खटल्यात दोन शतकांमागचे कागद बाहेर आले, आणि व्यापाऱ्याने लक्षपूर्वक वाचावा असा भाग तोच आहे. १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी पोर्तुगिजांस द्यावयाचे ठरविले ते दमणलगतच्या गावांच्या महसुलातून वर्षाला १२,००० रुपये. १७८३ व १७८५ च्या सनदांनी गावे नेमून दिली गेली. न्यायालयाच्या मते त्यात भूमीचे स्वामित्व दिलेले नव्हते. दिला होता तो केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे सरंजाम. परंतु पुढे पेशवाई गेली, इंग्रज आले. त्यांनी पोर्तुगिजांस त्या गावांवर सत्ता चालविताना पाहिले व हरकत घेतली नाही. महसुलाचे खाते वहिवाटीने मालकीचे खाते झाले. नेमके किती देणे, कोठवर देणे, आणि देणे फिटल्यावर काय, हे ज्या व्यवहारात पुन्हा कोणी उघडून पाहत नाही, त्याचे पुढे काय होऊ शकते याचा याहून मोठा दाखला मला तरी ठाऊक नाही.

आता समाप्ती कशी झाली ते पाहू. वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाची इच्छा वारंवार व्यक्त केली होती. १२ जून १९६१ रोजी तिने तसा औपचारिक ठराव केला. पण ठराव म्हणजे करार नव्हे. करारास दोन बाजू लागतात. घेणाऱ्या बाजूने पंतप्रधान जवाहरलाल नेहरू होते. देणाऱ्या बाजूने सही कोणी करावयाची? तेव्हा भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलानी यांना या छोट्या प्रदेशाचे पंतप्रधान म्हणून नेमण्यात आले, ते केवळ एका दिवसापुरते. त्यांनी त्या पदावरून विलीनीकरणाच्या करारावर सही केली. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली हा भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या पदाची सही करारावर झाली, त्या पदाचे प्रयोजन त्या सहीबरोबरच संपले.

ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, व ऐकणारे हसतात. मला मात्र ती गमतीची वाटत नाही. सात वर्षे जे प्रत्यक्षात घडून गेले होते, त्यास एक तारीख, एक देणारा व एक घेणारा मिळावा म्हणून एवढा खटाटोप करणारी माणसे व्यवहार जाणणारी होती. आणि प्रतिपक्षाची कबुली तर त्याहून किती उशिरा आली! पोर्तुगालने भारताचे या प्रदेशांवरील सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे झालेल्या तहाने, म्हणजे मुक्तीनंतर वीस वर्षांनी. समोरच्याची फारखत हाती पडेपर्यंत आपल्या बाजूचा कागद अर्धवट ठेवावा, असे त्यावेळच्या धुरीणांनी मानले नाही. २६ जानेवारी २०२० रोजी दमण आणि दीव यांच्याशी एकत्रीकरण होऊन ते स्वतंत्र प्रदेशपदही इतिहासजमा झाले, आणि आपल्यापैकी अनेकांना पत्रमथळे व शिक्के बदलावे लागले. पण तेही ठरलेल्या तारखेला, कायद्याने झाले.

आता आपल्या पेढीकडे वळू. दोन-तीन मित्रांनी मिळून एखादे काम अंगावर घ्यावे, म्हणजे एक इमारत, एक ठेका, मालाचा एक मोठा सौदा, आणि त्यापुरती भागीदारी करावी, ही आपल्यातील जुनी रीत आहे. भागीदारी अधिनियम, १९३२ यातील ४२ वे कलम सांगते की, वेगळा करार नसेल तर ज्या कामासाठी भागीदारी झाली ते काम पुरे होताच ती पेढी विसर्जित होते. हे वाचून पुष्कळजण निश्चिंत होतात. त्यांनी तीन कलमे पुढे वाचावे. ४५ व्या कलमाप्रमाणे विसर्जनाची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत भागीदार त्रयस्थांना जबाबदारच राहतात. एका भागीदाराने जुन्या पेढीच्या नावाने उद्या माल उचलला, तर त्याचे देणे दुसऱ्याच्या दारी येऊ शकते. नोंदलेल्या पेढीसाठी जाहीर सूचना म्हणजे निबंधकास कळविणे, राजपत्रात प्रसिद्ध करणे आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी देशी भाषेतील वृत्तपत्रात छापणे. या सर्वांचा खर्च एका मेजवानीहून कमी असतो. मेजवानी होते, सूचना राहून जाते.

हिशेब मिटविण्याचा क्रमही त्याच कायद्याने ४८ व्या कलमात लावून दिला आहे. प्रथम त्रयस्थांची देणी, मग भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त दिलेली उचल, मग भांडवल, आणि राहिले तर नफ्याची वाटणी. आपल्याकडे घडते ते बहुधा उलट. सौदा फायद्यात गेला की नफा प्रथम वाटला जातो, आणि रंगाऱ्याचे किंवा वाहतूकदाराचे शेवटचे बिल कोणी द्यावयाचे यावर नंतर बोलणी लागतात. बालपणापासूनच्या मैत्र्या अशा क्षुल्लक बिलांवर तुटलेल्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

कर्जाचीही तीच कथा. शेवटचा हप्ता भरला, की मनुष्य सुटकेचा निःश्वास टाकतो व कागद विसरतो. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने असे ठरविले आहे की, पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ दस्तऐवज परत द्यावे व नोंदलेला बोजा काढावा. कर्ज देणाऱ्या संस्थेमुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पण तो वैयक्तिक कर्जांचा आहे. कारखान्याच्या वा दुकानाच्या कर्जासाठी त्यावर विसंबून राहू नये. तेथे आपला पाठपुरावा आपणच करावयाचा. कंपनी असेल तर बोजा फिटल्याची नोंद तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे करणे कंपनीचेच कर्तव्य आहे. महाराष्ट्रात ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांनी सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना एकदा उघडून पाहावा. वडिलांनी केव्हाच फेडलेला बोजा तेथे अजून बसलेला असू शकतो, आणि तो दिसतो नेमका विक्रीच्या वेळी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यातच या दोषाचे मूळ आहे असे मला वाटते. आपण वर्ष बंद करण्यात निष्णात आहोत. दिवाळीस वहीपूजन होते, रोजमेळ जुळतो, बाक्या ओढल्या जातात. ताळेबंद जुळला की आपण समाधानी होतो. पण वर्ष बंद होताना काम बंद होत नाही. ते "मागील बाकी" म्हणून नव्या वहीत उतरते. पाच वर्षांमागे पुऱ्या झालेल्या बांधकामाचे खाते असेच दरवर्षी पुढे ओढले जाते. त्यात एकीकडे कंत्राटदाराची अनामत, दुसरीकडे न आलेल्या देणग्या, आणि मध्ये कोणास उलगडा न होणारी एक किरकोळ रक्कम. ताळेबंद दरवर्षी बिनचूक जुळतो, म्हणूनच त्या खात्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हिशेबनीस बदलला की मग त्याचा अर्थ सांगणाराही उरत नाही.

संस्थांच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर होतो, कारण पैसा आपला नसतो. सभागृहासाठी, धर्मशाळेसाठी, पूरग्रस्तांसाठी समिती नेमली जाते. काम होते, अनेकदा उत्तम होते. पण समिती कधी विसर्जित होत नाही. बँकेतील खाते चालू राहते, सही करणाऱ्यांपैकी एकाचे देहावसान होते, दुसरे मुलाकडे परगावी जातात, आणि उरलेली रक्कम कोणाच्याच हुकमतीत राहत नाही. मग एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणतो की, ती रक्कम दुसऱ्या चांगल्या कामात घालू. हेतू शुद्ध असतो. परंतु एका हेतूने दिलेले द्रव्य दुसऱ्या हेतूकडे वळविण्यास आपल्या परंपरेत किती कडक मर्यादा आहेत, हे सप्तक्षेत्रांचा विचार ज्याने ऐकला आहे त्याला सांगावयास नको. देवद्रव्य साधारण खात्यात जात नाही, हे आपल्या घरातील मुलेही जाणतात. मग सभागृहासाठी घेतलेला पैसा सहलीच्या बसभाड्यात कसा जावा? देणगीदारांस विचारून, ठराव करून, लिहून ठेवून वळविला तर प्रश्न नाही. न विचारता वळविला, तर चांगल्या कामावरही डाग पडतो.

याला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, भावाभावांत कागद कशाला. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. मला हे मान्य नाही. ज्याने निष्ठेने काम केले त्याला मोकळे करणारा कागद न देणे, हाच त्याच्यावर अन्याय आहे. दहा वर्षांनी कोणी नवा सभासद उठून विचारतो, "त्यावेळचा हिशेब कोठे आहे?", तेव्हा वृद्ध कार्यवाहास आपल्या प्रामाणिकपणाची साक्ष काढावी लागते. त्याच्या हाती समाप्तीचा ठराव असता, तर ही वेळ आली नसती. दुसरा आक्षेप, समिती विसर्जित केली तर पुढची देखभाल कोण पाहील? पण बांधणारे व सांभाळणारे एकच असावेत असे कोठे आहे? सांभाळण्यासाठी वेगळी मंडळी नेमावी, व त्यांनी प्रथमच सर्व वस्तू मोजून घ्याव्यात. बांधणाऱ्याने पडदा टाकल्यावाचून सांभाळणाऱ्यास आपले काम कोठून सुरू होते तेच कळत नाही.

समाप्तीची घाई मात्र करू नये. आपल्या या भागात पाऊस मुसळधार पडतो. छप्पर, गच्ची, गटारे यांची खरी परीक्षा एका पूर्ण पावसाळ्यातच होते. तोपर्यंत कंत्राटदाराची अनामत सोडू नये आणि काम निर्दोष झाल्याचा दाखलाही देऊ नये. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आत, समितीने एक समापन-सभा बोलवावी. तीत तपासलेला अखेरचा हिशेब वाचला जावा. कोणाचे देणे उरले नाही, हे देणेकऱ्यांच्या पावत्यांनिशी दाखविले जावे. किल्ल्या, नकाशे, विजेच्या व पाण्याच्या जोडण्यांचे कागद, यंत्रांची हमीपत्रे कोणाच्या स्वाधीन केली ते नावानिशी लिहावे. कामात जे चुकले, लांबले, महाग पडले, तेही त्याच सभेत उच्चारावे, कारण पुढच्या समितीस त्याचाच उपयोग अधिक. शिल्लक राहिली तर तिची विल्हेवाट देणगीदारांच्या संमतीने ठरवावी. आभार मानावे. बँकेतील खाते बंद करून कोऱ्या धनादेशांचे पुस्तक परत करावे. आणि सर्वांत शेवटी, समितीने स्वतःस विसर्जित करण्याचा ठराव तारखेसह संमत करावा. बदलानी यांच्या एका दिवसाच्या पदासारखे हे आहे. अखेरच्या सहीनंतर ते पद उरू नये.

बंद करणे म्हणजे जाळून टाकणे नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. वस्तू व सेवाकराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून बहात्तर महिने जपावे लागतात. एखाद्या कामापुरती घेतलेली नोंदणी रद्द केली, तर रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. ते विसरले की कामगार गेले, यंत्रे गेली, तरी सूचनापत्रे येतच राहतात. म्हणून समाप्त झालेल्या प्रत्येक कामाची एक बांधीव फाईल असावी, तिच्या पहिल्या पानावर समाप्तीचा ठराव असावा, आणि ती घरातील पुढच्या पिढीतील एकाने तरी उघडून पाहिलेली असावी. आमच्या भगिनींनी हे काम हाती घेतले तर ते अधिक नेटके होईल, असे मी केवळ शिष्टाचार म्हणून म्हणत नाही; कागद जपण्याची शिस्त पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती असते.

येत्या वार्षिक सभेपुढे मी अशी सूचना ठेवू इच्छितो की, आपल्या संघाने आजवर नेमलेल्या व काम पुरे केलेल्या सर्व समित्यांची यादी करावी, प्रत्येकीच्या खात्यातील बाकी वाचून दाखवावी, आणि ज्यांचे पारणे राहिले आहे त्यांच्यासाठी दिवाळीपूर्वीची एकेक तारीख नेमावी. सायलीच्या बाजूस ज्या सभासदांचे नवे कारखाने उभे राहत आहेत, त्यांनी कंत्राटाच्या करारातच समाप्तीचे कलम घालून घ्यावे. पहिल्या दिवशी ते लिहिले तर कंत्राटदारास त्याचे काही वाटत नाही. शेवटच्या बिलाच्या वेळी मागितले, तर तो रुसतो.